डाव्या अंगठ्याचा चाकू

श्रीरामपूरला खोली घेतली त्याच आठवड्यात मी घरमालकीणबाईंना "जरा वेळ आहे का?" असं विचारायची चूक केली. नळाला पाणी येत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. बाई ओसरीत फरशीवर मांडी घालून पुठ्ठा कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हात रिकामा नाही."

मला वाटलं, होईल थोड्या वेळात. मी खांबाला टेकून उभा राहिलो. तो पुठ्ठा कापून झाला, दुसरा घेतला, तोही झाला. मग कुठे त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अजून इथंच?"

"तुम्ही म्हणालात हात रिकामा नाही, म्हणून थांबलो."

"तो कधीच नसतो," बाई म्हणाल्या. "कान रिकामे आहेत. काय ते बोला."

बाई मिशनच्या शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान पूर्वीच वारलेले, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीत. पुढच्या खोल्यांत बाई आणि मागच्या एका खोलीत मी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "अहो केमिस्ट" हेच माझं नाव. मी मूळचा खर्ड्याचा हे कळल्यावर म्हणाल्या, "तरीच. किल्ल्याच्या गावची माणसं. दार आतून लावून बसायची सवय." सुट्टीच्या दिवशी मी दुपारचा झोपतो, त्यावर हा शेरा होता.

त्यांच्या घरात एक कायदा होता. कुठलीही वस्तू आधी पुठ्ठ्यात करायची आणि मगच खरी. फाटकाची कडी, मांजरीच्या बाळंतपणाची पेटी, स्वतःच्या ब्लाउजची बाही, सगळं आधी पुठ्ठ्यात. मी खिडकीत कूलर लावायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी बिस्किटांची खोकी जोडून अख्खा कूलर केला, माझ्या खिडकीला टांगला आणि म्हणाल्या, "राहा चार दिवस ह्याच्याबरोबर." ऐन एप्रिलात मी पुठ्ठ्याच्या कूलरखाली घाम पुसत झोपलो. शेवटी निकाल लागला की कूलर दोन बोटं डावीकडे हवा, नाहीतर कपाटाचं दार त्यावर आपटेल. खरंच आपटलं असतं, त्यामुळे मला धड चिडताही येईना. एकदा वैतागून मी म्हटलं, "बाई, आता शवपेटी तेवढी पुठ्ठ्यात करायची राहिली."

"मापं घेऊन ठेवलीत," बाई म्हणाल्या. "उंची जरा घटते आहे, म्हणून थांबले."

निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. बाई जप्तीची पेटी घेऊन आल्या. वर्गात मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तूंची ती पत्र्याची ट्रंक होती. भोवरे, गलोली, शिट्ट्या, डोळे मिचकावणाऱ्या बाहुल्या. टक्कल पडलेले विद्यार्थी येऊन आपला भोवरा मागत. बाई विचारत, "आता शहाणा झालास का?" तो "हो" म्हणाला तर म्हणत, "मग भोवरा कशाला हवा?" आणि "नाही" म्हणाला तर देण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पेटीतली वस्तू मालकाला परत मिळालेली मी एकदाच पाहिली. ती हकीगत पुढे येईलच.

पण बाईंचं खरं काम म्हणजे नाताळचे तारे. दिवाळी आटोपली की ओसरीत बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळीचं पातेलं येऊन पडायचं. चर्चच्या मनोऱ्यावर चढवायचा मोठा तारा दरवर्षी त्यांच्या हातचा. शेजारपाजारच्या घरांना लहान. बाजारात प्लॅस्टिकचे तयार तारे ढिगानं मिळतात, त्यात बटण दाबलं की रंग बदलतात, पण बाईंना ते चालत नसत. "विकतच्या ताऱ्यामागं ज्ञानी लोक बाळ येशूला शोधत इतक्या लांबून कशाला येतील?" असं त्या विचारत.

एका फेब्रुवारीत बाईंना अर्धांगाचा झटका आला. नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस होत्या. परत आल्या तेव्हा बोलणं ठणठणीत होतं आणि पाय फरफटत का होईना चालत होता. उजवा हात मात्र गेला. मांडीवर ठेवला तर मांडीवर राही आणि उचलून बाजूला ठेवला तर तिथंच राही. मी पहिल्या पाळीवरून आलो तर बाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पुढ्यात काही नव्हतं. मला म्हणाल्या, "अहो केमिस्ट, बसा की जरा. वेळ आहे का?"

मी बसलो. बाईंनी मला उसाच्या गाळपाबद्दल विचारलं, खर्ड्याच्या पावसाबद्दल विचारलं, माझ्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं. दोन वर्षांत विचारलं नव्हतं ते सगळं एका बैठकीत विचारलं. मला इतकं वाईट वाटलं की खोलीत जाऊन मी जेवलोही नाही. त्यांनी मला पूर्वीसारखं हाकलून द्यावं, असं मनापासून वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मात्र ओसरीतून पुठ्ठा कापल्याचा आवाज आला. बाई डाव्या हातानं कापत होत्या. पुठ्ठा हलू नये म्हणून त्यावर पाट्यावरचा वरवंटा जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. "हा माझा उजवा हात," त्यांनी ओळख करून दिली. "पहिल्यापेक्षा वजनदार आहे." रेघा वाकड्या येत होत्या. बाई त्या पुन्हा कापत होत्या.

अडलं ते पात्यापाशी. त्यांच्याकडचा कटर दुकानात मिळतो तसला, प्लॅस्टिकचा. टोक बोथट झालं की पक्कडीनं त्याचा तुकडा मोडायचा. म्हणजे एका हातात कटर आणि दुसऱ्यात पक्कड. बाईंनी कटर दाराच्या फटीत अडकवून पाहिला, पायाखाली दाबून पाहिला. शेवटी त्या हाक मारत, "अहो केमिस्ट, ब्लेड." मी घरी असलो तर बदलून देई. कामावर असलो तर बाई बोथट कटर घेऊन माझी वाट पाहत. मी तोडगा काढला, की जाताना चार-पाच कटर नवं टोक काढून तयार ठेवत जाईन.

"आणि उद्यापासून ब्रशला पेस्टही लावून ठेवा," बाई म्हणाल्या. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एकदा तो कटर उघडाच झग्याच्या खिशात राहिला. बाई बाजारात जाऊन भाजी घेऊन आल्या, माझ्याशी फाटकात बोलत उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्या उजव्या पायावरून रक्त ओघळताना दिसलं. त्यांना पत्ताच नव्हता. त्या बाजूला लागलेलं कळतच नव्हतं. मी घाबरून पुण्याला मुलाला फोन केला आणि तो रविवारी आला.

मुलगा चांगला आहे. आईवर जीव आहे त्याचा. त्यानं ओसरीत बसून शांतपणे सांगितलं, "मम्मी, नाताळ झाला की तू पुण्याला चल. हे घर बंद करू. इथं तू एकटी कशी राहणार? तुला साधं कटरचं ब्लेड बदलता येत नाही."

बाईंनी बाकीचं सगळं सोडून तेवढंच पकडलं. "आणि बदलता आलं तर?"

"मम्मी, तसं नाही गं."

"तूच म्हणालास. कुणालाही हाक न मारता ब्लेड बदललं तर?"

तो हसला. थकलेला होता बिचारा. म्हणाला, "तर राहा बाई, जन्मभर राहा."

"अहो केमिस्ट," बाई म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

मी ऐकलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच दिवशी बिस्किटांची खोकी निघाली. बाईंना आता बाजारचा कटर नको होता, आपला चाकू हवा होता. मिटणारा, म्हणजे खिशात असताना पातं मुठीत बंद राहील. उघडायला एक हात आणि मिटायला तोच हात. पातं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसलं, जाड आणि दोन्हीकडून तिरपं. पण त्या पात्यांची पुडी तेलकट कागदातून सोडवायलाही दोन हात लागतात, म्हणून जादा पाती चाकूच्या मुठीतच हवीत. "दुसऱ्या हाताचं नाव काढायचं नाही," हा बाईंचा नियम होता. मी चर्चेत बोलताना दोन्ही हात हलवू लागलो की त्या माझा उजवा हात खाली ठेवायला लावत.

पुठ्ठ्याचे चाकू एकामागून एक झाले. मग शाळेतल्या लाकडी फूटपट्ट्या कापून खरी मूठ झाली, मधे खिळा, पुढे पातं धरणारा पत्र्याचा चिमटा, मागे मुठीच्या पोकळीत जादा पाती आणि शेपटाला झाकण. चाकू मिटायचा झकास. पण झाकण उघडून एक पातं काढायला जावं तर सगळी पाती फरशीवर सांडत. फरशीला चिकटलेलं पातं एका हातानं उचलून बघावं, म्हणजे बाईंची बोटं तेव्हा कशी झाली असतील ते कळेल. बोटांना पट्ट्या बांधून त्या पुन्हा बसत. मी एकदा म्हटलं, "बाई, पुणं काही वाईट नाही." तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शिवाय ती जादा पाती चालताना मुठीत वाजत. "खुळखुळा केलाय का मी?" म्हणून बाईंनी ईस्टरच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवल्या आणि मेण मुठीत ओतलं. आवाज बंद. बाई खूश. तो चाकू त्यांनी ओसरीच्या कठड्यावर ठेवला. वर पत्रा आणि महिना मे. श्रीरामपूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. दुपारभर मेण पातळ होऊन वाहिलं, संध्याकाळी थिजलं, आणि चाकू जो आ वासून बसला तो मिटेना. आयुष्यभर घरात मेणबत्त्या लावलेल्या बाईंना मेण वितळतं याचा विसर पडला, म्हणून मला हसू आवरेना. मी म्हटलं, "गरम पाण्यात टाका."

"टाकीन. आधी बघू दे, गेलं कुठवर."

त्या केसातल्या आकड्यानं मेण कोरत बसल्या. मुठीतलं मेण खिळ्याच्या दोन्ही अंगांनी वाट काढत थेट पुढच्या चिमट्यात, पात्याच्या बुडापर्यंत पोचलं होतं. बाई ते पाहत राहिल्या. मग उठल्या आणि फरफटत जप्तीच्या पेटीपाशी गेल्या. आतून त्यांनी एक प्लॅस्टिकची पेन्सिल काढली. ती तुम्हीही वापरली असेल. तिच्यात छोटी छोटी टोकं एकामागे एक भरलेली असतात. मागून एक आत ढकललं की पुढून नवं बाहेर येतं.

"चौथीतल्या एका कार्ट्याकडून घेतली होती," बाई म्हणाल्या. "म्हटलं होतं, हा अभ्यास नव्हे, खेळ आहे. चुकलं माझं. अहो केमिस्ट, मेणाला वाट सापडते तर पात्याला का सापडू नये?"

झाकण, चिमटा सगळं गेलं. आता चाकू सरळ उघडला की मुठीतली पाती पुढच्या पात्याच्या बरोबर मागे येणार. अंगठ्यानं एक खटका पुढे रेटला की वरचं नवं पातं सरकणार आणि तेच जुन्याला तोंडातून बाहेर ढकलणार. मिटला की वाट बंद. पाती खालून दाबून धरायला लोखंडी मोजपट्टीचा वाकवलेला तुकडा, स्प्रिंगसारखा, म्हणजे वाजणंही गेलं. पुठ्ठ्यात हे सगळं जमलं. फक्त तो मधला खिळा आडवा येत होता.

लोखंडाच्या कामाला त्या नेवासा रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेल्या. तो त्यांचा विद्यार्थी. पुठ्ठ्याचा चाकू त्यानं तळहातावर उलटासुलटा केला.

"बाई, म्या गेटं बनवतो, पाळनं बनवतो. ह्ये घड्याळवाल्याचं काम हाय."

"लहान आहे, एवढंच. कर."

"करीन. पर आरपार खिळा नगं म्हनता, मंग ह्ये मधी धरायचं कशानं?"

"तुझ्या पाळण्यात आरपार सळई घालतोस का?"

"न्हाई. दोन बाजूला दोन खिळं."

"आणि मधे काय असतं?"

"प्वार असतंय की." एवढं बोलून तो थांबला, चाकूकडे पाहिलं आणि हसायला लागला. "व्हय बाई. आलं ध्यानात."

तरी पावसाळा गेला. कधी खटका अडकायचा, कधी एकदम दोन पाती यायची, कधी चाकू कापतानाच मिटायचा. प्रत्येक वेळी बाई रिक्षानं नेवासा रोडला जात आणि तो म्हणे, "बाई, लई झालं आता." पण रात गेली की त्यालाच चैन पडत नसे. सकाळी फोन येई, "बाई, एक इचार आलाय." दिवाळीनंतर चाकू हातात आला. बाईंनी पैसे विचारले तर मान हलवून म्हणाला, "पैसं नगं. माजी गलोल द्या."

बाईंनी पेटीतून गलोल काढली. "शहाणा झालास का?"

"न्हाई," तो म्हणाला.

"घे," बाई म्हणाल्या.

मग अंगठ्याचा सराव सुरू झाला. खटका जोरात रेटावा लागे आणि डाव्या अंगठ्याला इतक्या जोराची सवय नव्हती. मोठ्या ताऱ्याच्या कामट्या तासताना एकीकडे पातं झिजे आणि दुसरीकडे अंगठा. कधी बदलायचं, कधी नाही. न बदललं तर बाई मला हाक मारत नसत. मी ओसरीतून मुद्दाम दोन-तीनदा गेलो तरी मारत नसत. हे जमलं नाही तर घराला कुलूप लागणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. मला त्या मेल्या अंगठ्याची काळजी लागून राहिली होती, आणि कामावर रसाचे आकडे दोनदा तपासावे लागत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगा आला. हातात एक मोठी रिकामी बॅग आणि खोक्यातला एक प्लॅस्टिकचा तारा. ओसरीत मोठा तारा अर्धा कागद लावून पडला होता, अजून कामट्यांची टोकं छाटायची होती. संध्याकाळी पोरं तो न्यायला येणार होती.

"मम्मी, एवढा हा चढवून टाकू," तो ताऱ्याच्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला. "तू कशाला त्रास घेतेस?"

बाई कामटी छाटत राहिल्या. एकाएकी पातं घसरलं, बांबूत शिरेना. बोथट झालं होतं. मुलानं सवयीनं हात पुढे केला. "दे, मी बदलतो."

बाईंनी चाकू त्याच्या हातात दिला. त्यानं उजव्या हातात धरला. खटका शोधला, अंगठा पोचेना. उलटा धरला, तर पातं स्वतःकडे आलं. मग दोन्ही हातांनी खटपट केली, तेव्हा चाकू टक्कन मिटला.

"हे कसलं उलटं करून ठेवलंय?"

"उलटं नाही. डावं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चाकू परत घेतला.

त्यांनी तो उघडला. अंगठा खटक्यावर ठेवून रेटला. खटका हलला नाही. त्यांचा अंगठा घसरला. मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. त्यानं आता 'राहू दे मम्मी' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तो म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. बाईंनी अंगठ्याची खळ झग्याला पुसली आणि पुन्हा रेटला. खाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टण्ण आवाज झाला. जुनं पातं पडलं होतं आणि नवं पुढे आलं होतं. बाईंनी कामटी वरवंट्याखाली सरकवली आणि छाटली.

बाईंनी पुण्याचा प सुद्धा काढला नाही, मला साक्षीला बोलावलं नाही. त्या पुढची कामटी छाटायला लागल्या. मग मुलानं बॅग आत नेऊन ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खळीच्या पातेल्यापाशी बसला.

"कड सोडून लाव," बाई म्हणाल्या. "आणि तो विकतचा तारा पेटीत टाक."

त्यानं टाकला. मला वाटतं, तो अजून जप्तच आहे.

मला पुढे नगरला नोकरी मिळाली, लग्न झालं आणि आम्ही भिंगारला राहायला आलो. तरी दर डिसेंबरात मी बाईंना फोन करतो. गेल्या नाताळातही केला. कितीतरी वेळ घंटी वाजत राहिली. मनात नको नको ते येऊन गेलं. बायको समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. शेवटी पलीकडे फोन स्पीकरवर उचलला गेला आणि चाकू मिटल्याचा टक्क आवाज आला.

"बाई, मी बोलतोय. वेळ आहे का जरा?"

"अहो केमिस्ट," बाई म्हणाल्या, "हात रिकामा नाही." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "छान आहेत."